मान, मोबाईल आणि रबरी पट्टा : प्रकल्प नोंदी

मान दुखते, पण कामच फोनवर असल्यामुळे तो बाजूला ठेवता येत नाही, अशांसाठी या नोंदी आहेत. ‘वापर कमी करा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो पाळता आला असता तर हे लिहायची वेळच आली नसती. म्हणून वापर साधारण तेवढाच ठेवून मानेसाठी काय करता येतं, एवढंच पाहिलं. कुठे पैसे वाया गेले, कुठे वेळ गेला, ते त्या त्या तारखेखाली आहे.

१२ जानेवारी

मोजमापाआधी तपासणी. दुखणं मानेच्या मागच्या बाजूला आणि उजव्या खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यात. बोटाने दाबलं तर तिथे गाठ असल्यासारखी लागते. सकाळी कमी असतं, संध्याकाळी मान भरून येते. डॉक्टरांनी दोन्ही हातांची ताकद, स्पर्श आणि कोपर-मनगटावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या. सगळं ठीक, त्यामुळे घरच्या घरी प्रयोग करायला हरकत नाही.

ही पायरी कोणी गाळू नये. हातात अशक्तपणा किंवा पसरत जाणारा बधिरपणा, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, तापासोबत मान ताठरणं, पडझडीनंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर हा प्रकल्प तुमच्यासाठी नाही. थेट डॉक्टर गाठा.

एमआरआय काढून घ्यावा असं मला वाटत होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे माझ्याही मानेत काहीतरी दिसलंच असतं, आणि ते वाचून मी आणखी आखडून बसलो असतो. एक मोठा खर्च सुरुवातीलाच वाचला.

१४ जानेवारी

आज मोजपट्टी तयार केली. चार गोष्टी नोंदवायच्या ठरल्या.

रोज रात्री दुखण्याला ० ते १० पैकी आकडा. आठवड्यातून एकदा मान वळवण्याची मोजणी : ताठ बसून मान एका बाजूला पूर्ण वळवायची आणि हनुवटीपासून त्या खांद्याच्या टोकाच्या हाडापर्यंत दुसऱ्याकडून टेप लावून घ्यायची. महिन्यातून एकदा ‘नेक डिसॅबिलिटी इंडेक्स’ : १९९१ पासून वापरात असलेली १० प्रश्नांची प्रश्नावली आहे, प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ५०. वाचन, झोप, ओझं उचलणं, गाडी चालवणं असे साधे प्रश्न आहेत. नुसत्या वेदनेच्या आकड्यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो, कारण दुखतंय पण काम होतंय आणि दुखतंय म्हणून काम अडलंय यातला फरक तो पकडतो.

चौथी गोष्ट बाजूने काढलेला फोटो. मानेच्या सातव्या मणक्यापासून कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्यापर्यंत रेघ काढायची आणि ती आडव्या रेषेशी किती कोन करते ते पाहायचं. कोन जितका लहान तितकं डोकं पुढे आलेलं. ४८ ते ५० अंशांच्या खाली गेला की डोकं पुढे झुकलेलं धरतात.

याच फोटोने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. एकाच दुपारच्या तीन फोटोंत तीन वेगळे कोन! कारणं शोधत गेल्यावर सापडली. कॅमेरा डोक्याच्या उंचीवर होता, तो खांद्याच्या उंचीवर हवा. शर्टाच्या कॉलरमुळे मणक्याची खूण म्हणून लावलेली टिकली मणक्यावर न बसता कापडावर बसत होती. शिवाय सातवा मणका समजून मी सहाव्यावर टिकली लावली होती. ओळखायची युक्ती फिजिओथेरपिस्टने सांगितली : मान खाली घालून मागे जो सर्वांत उठून दिसतो त्यावर एक बोट, त्याच्या वरच्यावर दुसरं. आता डोकं हळूच मागे न्या. सहावा बोटाखालून आत सरकतो, सातवा जागचा हलत नाही.

फोटो काढतायत हे कळलं की माणूस आपोआप ताठ होतो. त्यावर उपाय म्हणजे आधी दोन-तीन वेळा मान खाली-वर करून सहज थांबायचं आणि मग फोटो घ्यायचा. माझा कोन ४६ आला.

१९ जानेवारी

मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो, असं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. न्यूयॉर्कच्या केनेथ हन्सराज या मणक्यांच्या शल्यविशारदाने २०१४ साली मांडलेली ही आकडेवारी आहे : १५ अंशांना १२ किलो, ३० ला १८, ४५ ला २२, ६० ला २७. डोक्याचं मूळ वजन साडेचार-पाच किलोच्या आसपास.

हे आकडे संगणकावरच्या गणिती मॉडेलमधून आलेले आहेत. जिवंत माणसाच्या मानेत काटा लावून मोजलेले नाहीत. मॉडेलमागची गोष्ट मात्र खरी : डोकं पुढे गेलं की ते धरून ठेवायला मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं. पण मान अगदी शेवटपर्यंत वाकवली तर ते स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर जातो. तेव्हा अंश वाढले म्हणून स्नायूंचा त्रास त्याच हिशेबाने वाढला, असा सरळ व्यवहार नाही. ते चित्र मी प्रिंट काढून टेबलासमोर लावलं होतं. आठवडाभर ते पाहून खांदे कानाला टेकवून बसत होतो. काढून टाकलं.

२१ जानेवारी

कोन बिघडला की सूचना देणारं ॲप टाकलं. फोनमधला सेन्सर फोन किती कलला आहे ते सांगतो, मान किती वाकली ते त्याला कुठून कळणार? फोन उभा धरून त्यावर मान घातली तर ॲप खूश. पाठीवर झोपून फोन तोंडावर धरला, की मान उशीवर निवांत असतानाही त्याची बोंब. आणि सूचना वाचायला पुन्हा खालीच पाहायचं! आठवड्याअखेर काढलं. वर्षाची वर्गणी भरू नका, आधी मोफत मुदत वापरून पाहा.

२७ जानेवारी

फोन डोळ्यांच्या पातळीवर धरायचा सल्ला. मान सरळ राहिली खरी, पण दहा मिनिटांत खांदे चढले, दंड भरून आले, आणि दुखऱ्या कोपऱ्यातली ती गाठ रात्री जास्त ठणकली. त्यात आश्चर्य काही नाही. खांद्याचं पातं वर उचलून धरणारे स्नायू वर मानेलाच जाऊन चिकटलेले असतात. हात अधांतरी ठेवले की त्यांचं ओझं फिरून मानेवरच येतं.

दोन-तीन दिवस वेगवेगळ्या तऱ्हा करून जमलेली मांडणी अशी : मांडीवर जाड उशी, तिच्यावर दोन्ही कोपरं, फोन साधारण छातीच्या वरच्या भागासमोर. मान थोडीशीच खाली आणि उरलेलं काम डोळ्यांनी करायचं, नजर खाली वळवून. उभं असताना एक हात पोटाशी आडवा धरून त्याच्या मुठीवर फोनच्या हाताचं कोपर टेकवायचं. कोपराला टेका मिळाला की खांदा आपोआप उतरतो. आरशासमोर करून पाहा, उतरलेला दिसतो.

३ फेब्रुवारी

टेबलावरचा स्टँड आणला. पहिला फार हलका होता. स्क्रीनवर बोट टेकवलं की मागे कलायचा. दुसरा जड बुडाचा घेतला, तो टिकला.

वाचायला आणि व्हिडिओ बघायला उत्तम. टाइप करायला वाईट, कारण हात पुढे ताणून दोन बोटांनी टकटक करावं लागतं आणि डोकं हळूहळू हातांच्या मागे जातं. लांब मजकूर बोलून लिहायला सुरुवात केली. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात आणि नावांची पार वाट लागते, पण मान मोकळी राहते.

५ फेब्रुवारी

स्टँडवर एक अडचण अनपेक्षित निघाली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे : लांबचं वरच्या भागातून, जवळचं खालच्या भागातून. स्क्रीन डोळ्यांसमोर आणल्यावर खालच्या भागातून वाचण्यासाठी मी हनुवटी वर करून डोकं पुढे काढत होतो. म्हणजे वरची मान मागे दुमडलेली, खालची पुढे वाकलेली. कवटीच्या बुडाशी दुखणं आणि तिथून डोळ्यामागे येणारी डोकेदुखी यामुळेच सुरू झाली असावी, कारण तारखा जुळतात.

स्टँड बराच खाली घेतला आणि स्क्रीन मागे कलती ठेवली. चार दिवसांत डोकेदुखी गेली. तुमचा चष्मा असा असेल तर ‘डोळ्यांच्या पातळीवर स्क्रीन’ हा नियम तुमच्यासाठी नाही. वाचायचं काम फार असेल तर फक्त जवळचा वेगळा चष्मा करून घेणं बरं. मी तो नंतर केला, आणि आतापर्यंतचा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच.

९ फेब्रुवारी

मानेचा पट्टा लावून पाहिला. तासभर बरं वाटतं. काढला की डोकं दुप्पट जड. दुखापत किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर देतात ती गोष्ट वेगळी. एरवी स्नायूंचं काम पट्ट्याने केलं तर स्नायू आळसावतात. खांदे मागे खेचणाऱ्या पट्ट्यांचीही तीच कथा, वर काखेत काचतात. दोन्ही पडून आहेत.

१६ फेब्रुवारी

रात्रीच्या आकड्यांशेजारी फोनमधला वापराचा अहवाल ठेवून पाहिला. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’, अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’. कुठल्या तासाला किती वापर, हे दोन्हीकडे दिसतं. एकूण वापर जास्त झाला त्या दिवशी दुखणं जास्त, असं काही निघालं नाही. निघालं ते वेगळंच : ज्या रात्री अंथरुणात फोन होता, तिच्या दुसऱ्या दिवशी आकडा वर.

अंथरुणातली माझी तऱ्हा म्हणजे एका कुशीवर, डोक्याखाली दोन उशा आणि एक हात, फोन गादीला टेकवलेला. मान एका बाजूला कललेली आणि थोडी पिळलेली. दिवसा माणूस चुळबुळ करतो. इथे सगळं अंग गादीने धरलेलं असतं, म्हणून अर्धा-पाऊण तास काही हलतच नाही.

फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी मोडलं, कारण गजर फोनमध्येच. साधं गजराचं घड्याळ आणल्यावर टिकलं. त्याआधी मानेला आकार देणारी खास उशी घेतली होती. या प्रकल्पातली सर्वांत महागडी वस्तू. तिच्यामुळे एकाही आकड्यात फरक पडला नाही.

२४ फेब्रुवारी

व्यायामाला सुरुवात. सगळीकडे सांगतात तो : हनुवटी आत ओढा, दहा वेळा. मी जोरात ओढत होतो. दोन दिवसांत घशापुढचे स्नायू दोरीसारखे ताठ आणि कवटीच्या बुडाशी ठणका.

फिजिओथेरपिस्टने तो थांबवून झोपून करायला लावलं. पाठीवर झोपायचं, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. डोकं उचलायचं नाही. फक्त ‘हो’ म्हणताना हलवतो तशी, पण बाहेरून जेमतेम दिसेल एवढीच हालचाल, दहा सेकंद धरून ठेवायची. दोन बोटं गळ्याच्या बाजूंना, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरक्या येणाऱ्या स्नायूंवर. ते बोटांखाली टणक झाले तर जोर जास्त लागतोय. मणक्यांच्या अगदी पुढे चिकटलेले, खोलवरचे स्नायू जागे करायचे आहेत. वरचे दांडगे स्नायू त्यांचं काम हिसकावून घेतात.

दवाखान्यात हे मोजायला मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात. दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरपासून सुरू, हालचालीने तो दोन-दोनने चढवत ३० पर्यंत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर धरायचा. मला पहिल्या दिवशी २४ च्या पुढे थरथर. घरच्या रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा वापरून पाहिला, पण डिजिटल यंत्र स्वतःच हवा भरतं आणि सोडतं, त्याचा इथे उपयोग नाही. बोटांची खूण पुरते.

६ मार्च

रबरी पट्टा. कल्पना २०११ सालच्या डेन्मार्कमधल्या प्रयोगातून घेतली. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे तीन गट : एकाला रोज २ मिनिटं पट्ट्याचा व्यायाम, दुसऱ्याला १२ मिनिटं, तिसऱ्याला फक्त माहिती. आठवड्यातून पाच दिवस, १० आठवडे. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, आणि दोन मिनिटंवाले बारा मिनिटंवाल्यांच्या फारसे मागे नव्हते. दोन मिनिटं म्हटल्यावर मला नाही म्हणायला सबब उरली नाही.

पट्ट्यावर उभं राहायचं, दोन्ही टोकं हातात, कोपरं किंचित वाकवून हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे. अगदी बाजूला नाही, थोडे पुढच्या अंगाला. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. दुकानदाराने दिलेला जाड पट्टा चुकीचा निघाला : हात उचलताना खांदे कानाला लागत, म्हणजे ज्या स्नायूंना सोडवायचं तेच राबत होते. सर्वांत पातळ पट्टा आणला. शेवटच्या दोन-चार वेळा हात जड व्हावेत, पण मान आवळू नये. तेवढा ताण बरोबर.

१७ मार्च

उजव्या करंगळीला मुंग्या. घाबरून पुन्हा डॉक्टरांकडे. मान वळवून, दाबून पाहिली. मुंग्या वाढल्या नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीवर टिचकी मारल्यावर मात्र करंगळीपर्यंत झिणझिण्या. फोन कानाला लावून लांब बोलताना कोपर पूर्ण दुमडलेलं राहतं आणि तिथून जाणारी नस ताणली जाते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग, एवढंच तिचं क्षेत्र. इयरफोन लावून बोलायला लागल्यावर थांबलं. मानेचा प्रकल्प सुरू असला की प्रत्येक झिणझिणीचं खापर मानेवर फुटतं. डॉक्टरांकडे जाणं फुकट गेलं नाही.

२८ मार्च

दर वीस मिनिटांनी उठवणारा टायमर लावला होता. तिसऱ्या दिवसापासून अंगठा तो न बघताच बंद करायला शिकला. त्याऐवजी वापरालाच खाचा पाडल्या. व्हिडिओ आपोआप पुढे सुरू होण्याची सोय बंद केली. संपला की उठायचं. फोनवर बोलणं फक्त चालत. लांब वाचन एकदा बसून, मग छातीएवढ्या उंच कपाटावर फोन ठेवून उभ्याने. कुठलीच स्थिती आदर्श नाही, पण कुठलीच फार वेळ टिकत नाही. फरक पडला तो इथून. आकड्यांत स्पष्ट दिसतं.

११ एप्रिल

पुन्हा सगळी मोजणी. रात्रीचा आकडा सुरुवातीला ५-६ असायचा, आता बहुतेक दिवस १-२. प्रश्नावलीत १७ वरून ६. मान उजवीकडे वळवल्यावर हनुवटी-खांदा अंतर तीन सेंटिमीटरने कमी, म्हणजे मान जास्त वळते.

आणि फोटोतला कोन? ४६ चा ४७. मोजणीतली चूकच त्याहून जास्त असेल.

दुखणं गेलं, पण डोकं जिथे होतं तिथेच आहे. आधी मला वाटलं फोटोच बिघडला. मग २०१८ सालचा ब्राझीलमधला अभ्यास वाचला : १८ ते २१ वयाच्या १५० जणांना फोन वापरताना पाहून त्यांची मान किती वाकते ते तपासलं, आणि वाकण्याचा मानदुखीशी संबंध आढळला नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे. स्वीडनमध्ये २० ते २४ वयाच्या ७,०९२ तरुणांचा पाच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा जास्त टेक्स्टिंग करणाऱ्यांत मान आणि पाठीच्या वरच्या भागाचं दुखणं अधिक सापडलं. मात्र परिणाम मुख्यतः तात्पुरत्या स्वरूपाचा होता. मला दोन्ही पटतात. फोनने मान दुखते, पण कोनामुळे कमी आणि त्याच कोनात गोठून बसल्यामुळे जास्त. फोटोचा त्रास तुम्ही घेऊ नका. तो वेळ पट्ट्याला द्या.

१८ एप्रिल

उजवा-डावा फरक थोडा उरलाय, त्यामुळे फोन ठरवून डाव्या हातात धरतोय. अंगठा अजून अडाणी आहे, टाइप करताना शिव्या घालतो.

२ मे

व्यायाम चालू : टॉवेलवरचा आठवड्यातून तीनदा, पट्टा पाच दिवस. पातळ पट्ट्यावरून आता त्याच्या पुढच्या जाडीवर आलोय. जुन्या पट्ट्याला टोकाशी बारीक भेगा दिसल्या. ताणताना तुटला तर सरळ तोंडावर येतो, म्हणून सुरू करण्याआधी उजेडासमोर धरून थोडा ताणून बघायचा आणि भेग दिसली की टाकून द्यायचा. गाठ मारून पुढे वापरू नका, गाठीपाशीच तुटतो.